बोलत राहा, मंदाबाई

मागच्या तपासणीला गेले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. लांब वेणी होती तिची, म्हणजे डोक्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. माझ्या स्कार्फच्या कडेने टाक्यांची खूण तिला दिसली असावी. तिने इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "ताई, नंतर बोलता येतं का हो?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तिचा चेहरा एकदम उतरला. तिने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघायला लागली. मला काही कळलं नाही. तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि मी आत गेले. बाहेर आले तर बाई गेली होती. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने बोलता येतं का विचारलं आणि मी तोंड न उघडता नुसती मान हलवली. या बिचारीची वाचा गेली, असंच तिला वाटलं असणार.

मी पहिल्यापासून अशीच आहे. परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही. त्या बाईला जे सांगायचं राहिलं ते आता लिहून काढते. पल्लवी मॅडमना देईन. त्या दवाखान्यात बोलणं शिकवतात. तिला नाही मिळालं तर तिच्यासारख्या दुसऱ्या कुणाला मिळेल.

घोडी आणि पत्रिका

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला आहे. धंदा लग्नाच्या घोडीचा. नवरदेवाला घोडीवरून मिरवायचं असलं की लोक आमच्याकडे येतात. माझे मालक लग्नाला घोडी घेऊन जातात, आणि घोडी तयार करायचं काम माझं. बँड, फटाके, नाचणारी पोरं, डोळ्यांवर येणारे दिवे, एवढ्यातही घोडी शांत राहिली पाहिजे. शिवाय नवरदेवाला बसता येत नसतं. तो खुर्चीवरून चढतो, चार जण त्याला ढकलतात, तो आयाळ धरून ओरडतो. तेव्हा घोडीने दगडासारखं उभं राहायचं असतं. हे सगळं मी शिकवते.

माझं माहेर निफाडचं. वडिलांचा टांगा होता. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची शाळा लांब होती. पण घोड्यावर बसणं मला शाळेच्या आधीपासून येतं. सासरी बाईमाणूस घोडीवर बसतं म्हणून सुरुवातीला कुजबुज झाली. मग मी पंजाबी ड्रेस घालून पहाटे, लोक उठायच्या आत, द्राक्षाच्या मळ्यांमधल्या रस्त्याने फेरी मारायला लागले. फेरी मारली नाही तर घोडी अंगावर येते. सासूबाईंनाही ते पटलं.

त्या फेरीत मी बोलते. आमची पांढरी घोडी आहे, शेवंती. तिला मी गोष्टी सांगते, मनाच्या, आधी कुणी न सांगितलेल्या. मी बोलायला लागले की तिचा एक कान मागे वळतो. गोष्ट कंटाळवाणी झाली की कान पुढे जातो. मग मी गोष्ट बदलते. घरी येऊन चहा टाकते आणि गोष्ट लिहून ठेवते. कागद कुठला, तर लग्नपत्रिका. आमच्या घरी त्यांचे गठ्ठे येतात आणि त्यांची मागची बाजू कोरी असते. पुढे गणपती आणि वधूवरांची नावं, मागे माझी गोष्ट. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. कुणी वाचत नाही. मालक म्हणतात, "मंदाचा टाइमपास हे तो."

जमिनीवर बसून मला गोष्ट सुचत नाही. पाट घेऊन, पेन घेऊन बसून पाहिलं आहे. काही येत नाही. घोडीची चाल लागते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच आलं.

घोडी नाचली

एका सकाळी मी शेवंतीला गोष्ट सांगत होते आणि एक शब्द आलाच नाही. साधा शब्द. जीभ तोंडात होती, हलत होती, पण शब्दाच्या जागी नुसता "त, त, त" असा आवाज येत होता. मग तोंड उजवीकडे ओढलं गेलं आणि उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला.

त्या हातात लगाम होता. लगामाला उजवीकडे असे झटके दिले की नाचायचं, हे मीच शेवंतीला शिकवलं होतं. ती नाचायला लागली.

मला सगळं दिसत होतं. द्राक्षं, रस्ता, मळ्यातला माणूस. तो हातातला पाइप टाकून बघत होता आणि टाळ्या वाजवत होता. "वा वहिनी, वा!" मला ओरडायचं होतं, तोंडातून फक्त त, त. शेवंती पुढचे पाय उचलत जागच्या जागी गोल फिरत होती, आणि माझा हात तिला अजून नाच, अजून नाच म्हणत होता. शेवटी माझी बैठक सुटली आणि मी तिच्या मानेवर आडवी झाले. लगाम हातातून गेला. त्या क्षणी ती थांबली. पडले नाही ते तिच्यामुळे. नवरदेव असे मानेवर पडतातच, तिला त्याची सवय होती.

मळ्यातल्या माणसाने धावत येऊन मला उतरवलं, नाकाला चप्पल लावली आणि मालकांना बोलावून आणलं. त्यांनी कांदा फोडून हुंगवला. थोड्या वेळाने मी बोलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलं आसंल. नायतर उपाशीपोटी बसती घोडीवर, चक्कर येनारच." मलाही तेच बरं वाटलं. चक्कर म्हटलं की लिंबूपाणी पिऊन विषय संपतो.

त्या बाईला आणि तिच्यासारख्यांना हे सांगते: चप्पल, कांदा यांनी काही होत नाही. माणसाला कुशीवर करा आणि गाडी बोलवा. आम्ही गाडी बोलावली ती दुसऱ्या झटक्यानंतर. तो मला ओट्याशी भाकरी थापताना आला आणि हात तव्याला लागला. तेव्हा माझी मुलगी मनीषा, कॉलेजला जाते ती, म्हणाली, "पप्पा, आता लिंबूपाणी नको. आता दवाखाना."

तशीबी ती बोलत नाय

एमआरआयच्या मशीनमध्ये ताशासारखा आवाज येतो. घाबरायचं काही नाही, फक्त हलायचं नाही. मी मनात म्हटलं, शेवंती असती तर इथेही नाचली असती.

रिपोर्ट घेऊन आम्ही मोठ्या डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी पडद्यावर माझं डोकं दाखवलं. डाव्या बाजूला एक फिकट डाग होता, सोललेल्या अक्रोडाएवढा. दिसायला काहीच भयंकर नव्हतं. डॉक्टर शांत आवाजात म्हणाले, "गाठ आहे. हळू वाढणारी वाटते. पण काढायला हवी, नाहीतर झटके वाढत जातील. घाबरू नका."

"नाही," मी म्हणाले.

त्या दिवसापासून प्रत्येक जण मला घाबरू नको म्हणत होता आणि मी प्रत्येकाला नाही म्हणत होते.

डॉक्टरांनी पडद्यावर पेन टेकवलं. "जागा अवघड आहे. या अंगाला बोलण्याची जागा, त्या अंगाला उजव्या पायाची. गाठ मधे."

मालकांनी हात जोडले. "पाय सांभाळा साहेब. ती पायावर उभी ऱ्हायली म्हंजे आमचं घर उभं ऱ्हाईल. बोलायचं काय, तशीबी ती बोलत नाय."

ते हसले, डॉक्टर जरासे हसले, आणि मीही सवयीने हसले. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. मग पूर्ण भूल देऊन, पायाकडे लक्ष ठेवून करू. तुम्हालाही त्रास कमी." त्यांनी कागदावर काही लिहिलं. झालं. ठरलं.

मालक खाली औषधं आणायला गेले. मी बाहेर बाकावर बसले आणि मनातल्या मनात शब्द म्हणून बघायला लागले. आयाळ. खोगीर. टाप. रिकीब. तूर. चिंच. यातला कुठला जाईल? सगळे गेले तर? गेल्यावर, गेले हे तरी कळेल का? पाय गेला तर लोकांना दिसेल. शब्द गेले तर कुणाला दिसणार? मी तर तशीच गप्प. घरात कुणाला पत्ताही लागणार नाही.

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदाच नंबर नसताना कुणाचं तरी दार ढकललं. आत दुसरं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. कंपाउंडर म्हणाला, "ओ बाई, तुमचं झालं ना?" माझे कान तापले. परत फिरावंसं वाटलं. मी दाराला धरून उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, "काय झालं?"

"मी लिहिते," मी म्हणाले.

"काय?"

"गोष्टी. मी गोष्टी लिहिते. शब्द गेले तर मग..."

म्हाताऱ्या आजोबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मघाचा कागद परत पुढे ओढला आणि मला बसायला सांगितलं. आजोबा म्हणाले, "बस गं पोरी, आमची घाई न्हाई."

डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं. शब्द वाचवायचे असतील तर ऑपरेशन चालू असताना मला जागं राहावं लागेल. दुखणार नाही, पण बोलावं लागेल, सारखं. मी बोलत असेन तर त्यांना कळेल की इथपर्यंत ठीक आहे. बोलणं अडलं की ते थांबतील. "त्या बाजूने मी हात आखडता घेईन. मग पायाच्या बाजूने जास्त जावं लागेल. पाय काही दिवस जड राहील. कदाचित कायमचा. घोड्यावर बसता म्हणे तुम्ही?"

मी मान हलवली.

"ते जाऊ शकतं."

शब्द राहावेत म्हणून घोडी सोडायची, आणि घोडी सुटली की शब्द सुचायचे नाहीत. माझ्यापुढे हे असं होतं. मी डॉक्टरांना हे समजावून सांगू शकले नाही. एवढंच म्हणाले, "जागं ठेवा."

घरात

मालकांना हे कळल्यावर ते माझ्याशी बोलेनासे झाले. चिडून एकदाच बोलले, तबेल्यात, घोड्यांच्या खाण्याची, चंदीची बादली आपटून. "पत्रिकेच्या मागं लिहायला पाय देती का कुनी? उद्या घोड्या कोन तयार करनार? मी? मला तं त्या मुंडक्याला हात बी लावू देत नाय!"

मी बादली उचलून जागेवर ठेवली. शेवंती दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

सासूबाईंनी देवीला नवस बोलला. मनीषाने माझ्या पत्रिका एकत्र करून पिशवीत भरल्या आणि पिशवी आपल्या कपाटात ठेवली. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "असंच." असंच नव्हतं ते. मला वाचता येईनासं झालं तर कुणी रद्दीत घालू नये, म्हणून होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पल्लवी मॅडम माझी तयारी करून घ्यायला आल्या. मनीषापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. एकेक चित्र दाखवायच्या, मी नाव सांगायचं. केळं. छत्री. कुलूप. मग एक चित्र आलं.

"घोडी," मी म्हणाले.

"घोडा म्हणा, मावशी. उद्या सगळे शब्द आज म्हटलेत तसेच आले पाहिजेत."

"घोडी आहे," मी म्हणाले.

"कशावरून?"

आता ते कसं सांगणार? मी खाली बघितलं. त्यांनी चित्र जवळ घेतलं, नीट पाहिलं, आणि दोघींना हसू फुटलं. त्या अख्ख्या आठवड्यात मी तेवढीच हसले. त्यांनी चित्राच्या मागे पेनाने घोडी असं लिहून टाकलं.

मग त्या म्हणाल्या, "चित्रं संपली की गप्पा मारायच्या. विषय तुमचा. पण थांबायचं नाही हं."

"काय बोलू?"

"तुम्ही लिहिता ना? त्यातलंच सांगा."

परक्या माणसांना माझी गोष्ट सांगायची! डोक्याचं हाड उघडणार, याचं एवढं वाटलं नव्हतं.

हिरव्या कापडाखाली

ऑपरेशनच्या खोलीत खूप थंडी असते. पायात मोजे घालायला परवानगी मागा, देतात. डोकं घट्ट धरून ठेवलेलं असतं, हलवता येत नाही. चेहऱ्यावर तंबूसारखं हिरवं कापड असतं. सुरुवातीला झोपवतात, नंतर जागं करतात. जाग आली तेव्हा तंबूच्या तोंडाशी पल्लवी मॅडमचे डोळे दिसले. बाकी माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज. दुखत नव्हतं. कुठेतरी लांब काहीतरी चालल्यासारखं वाटत होतं.

केळं. छत्री. कुलूप. घोडी. सगळं आलं.

वरून डॉक्टरांचा आवाज आला. "छान. आता बोलत राहा, मंदाबाई."

आणि मी गप्प झाले.

खोलीत किती माणसं असतील, सगळी मोठी शिकलेली, आणि मी चौथी पास. त्यांना मी नवरदेवाची गोष्ट सांगू? तोंड उघडेना. छातीत धडधडत होतं, आणि तो आवाज मशीनवर सगळ्यांना ऐकू जात होता.

"मावशी?" पल्लवी मॅडमच्या डोळ्यांतलं हसू गेलं. "मावशी, बोला. मावशी, तुमचं नाव सांगा." मग वर बघून, "सर, बोलणं थांबलंय."

वरचे सगळे आवाज बंद झाले. कुणीतरी म्हणालं, "हात काढला." डॉक्टर भराभर काहीतरी विचारत होते. त्यांच्या आवाजात शांतपणा राहिला नव्हता. तेव्हा मला कळलं की माझ्या लाजण्याने काय केलं. त्यांना वाटलं, त्यांनी माझे शब्द तोडले.

"लाजत होते," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही झालं. मी लाजत होते."

कुणाचा तरी मोठा श्वास सुटला. डॉक्टर म्हणाले, "मंदाबाई, अशा लाजलात तर मी उगाच थांबेन आणि गाठ राहून जाईल. गप्प बसायचं ते फक्त बोलता येत नसेल तेव्हा. कळलं?"

कळलं. तिथे लाजायची सोय नव्हती.

मी डोळे मिटले. हिरवं कापड नाहीसं केलं. समोर दोन पांढरे कान आणले, त्यांच्यामध्ये रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षं. मी शेवंतीला सांगायला लागले.

"एक नवरदेव होता. त्याला घोडीवर बसवलं. फेटा, मुंडावळ्या, कमरेला कट्यार. पुढे बँड. मंडप आला तशी सगळी थांबली, पण घोडी थांबली नाही. ती चालतच राहिली. बँडवाले मागे राहिले. करवली मागे राहिली. नवरदेव म्हणाला, अगं थांब, मांडव गेला. घोडी म्हणाली, तू मघापासून माझी आयाळ इतकी घट्ट का धरलीस? तो म्हणाला, काही नाही. ती चालत राहिली. वेस गेली. सगळं गाव मागे धावतंय. तो म्हणाला, थांब गं बाई. घोडी म्हणाली, खरं काय ते सांग, मग थांबते."

"मग?" पल्लवी मॅडम म्हणाल्या.

"मग तो तिच्या मानेवर वाकला आणि म्हणाला, मला..."

पुढचा शब्द आला नाही.

त, त. त्या सकाळसारखंच. तो नवरदेव काय म्हणतो ते मला माहीत होतं. शब्दाचा अर्थ समोर होता, वजन होतं, नुसता आवाज नव्हता. मी पल्लवी मॅडमच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि या वेळी त्यांना कळलं की मी लाजत नाही.

"सर. इथे."

"पुढे, मंदाबाई? मला काय?"

"म... मला..."

"बस. इथेच थांबायचं," डॉक्टर म्हणाले. "एवढा तुकडा राहू दे तिथे."

तो तुकडा अजून माझ्या डोक्यात आहे. दर काही महिन्यांनी मशीनमध्ये जाऊन तो वाढला नाही ना, हे बघायचं असतं. त्यासाठीच त्या दिवशी बाकावर बसले होते.

च्च च्च

ऑपरेशननंतरचे दिवस कठीण होते, हे लपवत नाही. पहिल्या दिवशी मी थोडं बोलले, आणि नंतर सूज आली तसं सगळंच बंद झालं. उजवा पाय ओल्या पोत्यासारखा पडून होता. लोक काय बोलतात ते कळायचं, पण माझ्याकडून हं सुद्धा निघायचं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, सूज उतरू द्या. पण ते म्हणताना पाय आणि तोंड दोन्हीकडे बघायचे आणि कागदावर बारीक अक्षरात लिहायचे.

म्हणजे दोन्ही गेलं, असं मी धरून चालले. घोडीही आणि शब्दही. आणि हे मी स्वतः मागून घेतलं होतं, दार ढकलून.

दवाखान्याचं एक चक्र असतं. सकाळी अंग पुसणारी मावशी, मग सुई, मग साहेबांची फेरी, मग डब्याची वाट. मालक डबा घेऊन यायचे, भरवायचे, आणि माझ्याकडे न बघता खिडकीतून खाली गाड्या बघत बसायचे. चिडलेले होते की घाबरलेले, मला ओळखता येत नव्हतं. विचारताही येत नव्हतं. एकदा नर्स त्यांना म्हणाली, "बोला की त्यांच्याशी, ऐकू येतं त्यांना." ते म्हणाले, "सिस्टर, आमच्यात बोलायची सवयच नाय हो. ती घोडीशी बोलती, मी गिऱ्हाइकाशी." आणि त्यांचा आवाज फाटला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या कानाला लावला. फोनमधून कुरूम कुरूम असा आवाज येत होता. मनीषाने तबेल्यात फोन धरला होता आणि शेवंती भिजवलेले हरभरे खात होती. मधेच ती फुरफुरली.

आणि माझी जीभ टाळूला लागून सुटली. च्च, च्च.

घोडीला बोलवायचा आवाज. तो शब्द नाही. पण तो माझ्या तोंडातून आला होता, मी ठरवून नव्हता काढला. फोनमधलं कुरूम कुरूम एकदम थांबलं. मनीषा तिकडून ओरडली, "पप्पा! तिने कान टवकारले! आईने आवाज दिला का? पप्पा?"

मालक पलंगाच्या दांडीला धरून खाली बसले. "दिला," म्हणाले. "दिला गं, दिला." आणि फोन माझ्या कानाला तसाच धरून ठेवला.

पहिला शब्द त्यानंतर काही दिवसांनी आला. "पाणी." मग हळूहळू बाकीचे. पल्लवी मॅडमनी पहिल्यापासून सगळी चित्रं घेतली. काही शब्द लवकर आले, काही रुसून बसले. अजूनही बोलताना मधेच एखादी जागा रिकामी येते. घाई केली नाही तर शब्द येतो. घरच्यांनी आपल्या तोंडात शब्द घालू नये, वाट बघावी, एवढं त्यांना सांगून ठेवा.

खुर्ची

पाय आला, पण पूर्ण नाही. काठी घेऊन चालते. लिहायला बसले तर उजवा हात चालायचा, अक्षर आधीसारखंच वाकडं, पण गोष्ट येईना. मनीषाने पत्रिकांची पिशवी परत आणून दिली. मी जुन्या गोष्टी वाचल्या आणि कोऱ्या पत्रिका पुढे घेऊन बसले. नवरदेव तसाच घोडीच्या मानेवर वाकून थांबला होता.

गोळ्या नीट चालू होत्या, झटका आला नव्हता. मी डॉक्टरांना घोडीचं विचारलं. त्यांनी माझा पाय उचलून पाहिला. मग म्हणाले, "एकटीने कधीच नाही. लगाम दुसऱ्याच्या हातात. चालीवर, पळवायचं नाही. आणि डोक्याला हेल्मेट." घरी आल्यावर हे मी मालकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलचं हेल्मेट धुऊन उन्हात ठेवलेलं दिसलं.

घोडीवर डाव्या बाजूने चढतात. डावा पाय रिकिबीत, आणि उजवा पाय पाठीवरून पलीकडे टाकायचा. माझा उजवा पाय तेवढा उचलत नाही. मी दोनदा करून पाहिलं आणि दोनदा खोगिराला धरून लोंबकळले. शेजारचे गच्चीवर आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक आत गेले आणि पांढरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. नवरदेवाची खुर्ची. त्यांनी ती शेवंतीच्या शेजारी ठेवली. एका बाजूने ते, एका बाजूने मनीषा. आयुष्यभर ज्यांना मी हसले, त्यांच्यासारखीच मी चढले, आयाळ धरून, ओरडत. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बया, फेटा तेवढा बांधा आता!"

सगळे हसले. शेवंती दगडासारखी उभी होती. तिला वाटलं, लग्न आहे.

आणि म्हणूनच ती हलेना. नवरदेव बसल्यावर बँड सुरू होईपर्यंत पाऊल टाकायचं नाही, हेही मीच शिकवलेलं. मालकांनी लगाम ओढला, थोपटलं, च्च च्च केलं. ढिम्म. मी वर एवढ्या उंच, पाय लटकणारा, हात थरथरणारा. ही थरथर म्हणजे तोच झटका तर नाही? मी हाताकडे बघत राहिले.

मालक वर न बघता म्हणाले, "बोल की. तुझ्या गोष्टीवर चालती ती. मला काय म्हाईत नाय व्हय? रोज बघतो मी."

रोज बघत होते. मला वाटायचं, तेव्हा सगळे झोपलेले असतात.

मी शेवंतीच्या मानेवर वाकले. गोष्ट जिथे तुटली होती तिथून उचलली. "घोडी म्हणाली, खरं काय ते सांग." पांढरा कान मागे वळला. "सगळं गाव मागून धावत होतं. कमरेला कट्यार होती. तो तिच्या मानेवर वाकला आणि म्हणाला, मला..."

जागा रिकामी. मी थांबले. कुणी शब्द सुचवला नाही. मनीषाने ओठ घट्ट दाबून धरले होते. मालक जमिनीकडे बघत होते. कान तसाच मागे होता, वाट बघत.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले, बाकावरच्या बाई. तोंड उघडून, गच्चीवरच्यांनाही ऐकू जाईल असं.

शेवंतीने पाऊल उचललं.